पाच डॉलरचे तिकीट आणि आपल्या काउंटीचा स्तंभ : माँटगोमेरीच्या लेगसी स्थळांविषयी

अमेरिकेत पोलीस सुधारणांची मागणी इतक्या तीव्रतेने का होते आणि गुलामगिरी संपून दीडशे वर्षे झाली तरी वर्णभेदाचा प्रश्न का मिटत नाही, हे मुलांना समजावून सांगायचे तर सुरुवात कोठून करावी, असे ओळखीच्या मराठी कुटुंबांतून मला अधूनमधून विचारले जाते. माझे उत्तर आता ठरलेले आहे. अलाबामा राज्याच्या राजधानीत, माँटगोमेरीला जावे आणि तेथे पूर्ण दोन दिवस काढावेत. ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या ‘इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह’ या संस्थेने तेथे तीन स्थळे उभारली आहेत. लेगसी म्युझियम आणि लिंचिंगच्या, म्हणजे झुंडीने केलेल्या हत्यांच्या, बळींचे राष्ट्रीय स्मारक ही दोन्ही २६ एप्रिल २०१८ रोजी खुली झाली. संग्रहालय २०२१ मध्ये नव्या, मोठ्या इमारतीत गेले, आणि अलाबामा नदीच्या काठावरचे फ्रीडम मॉन्युमेंट शिल्प उद्यान २०२४ मध्ये त्यांत जोडले गेले. तिन्ही ठिकाणांचे मिळून तिकीट ५ डॉलर आहे. आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे यजमान, पंधरा वर्षांची मुलगी आणि साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाई, मार्च महिन्यात तेथे जाऊन आलो.

आम्ही जॉर्जिया राज्याच्या फोरसाइथ काउंटीत राहतो (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग). तेथून माँटगोमेरीला पोचायला गाडीने साधारण सव्वातीन तास लागतात आणि राज्याची सीमा ओलांडताच घड्याळ एक तास मागे येते, त्यामुळे पहाटे निघाल्यास संग्रहालय उघडताना तेथे पोचता येते. तिन्ही ठिकाणांच्या दरम्यान संस्थेच्या बसगाड्या सतत धावतात आणि त्यांचे वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. सोमवारी आणि मंगळवारी स्थळे बंद असतात, हे सुट्टी ठरवतानाच ध्यानात ठेवावे. क्रम मात्र आमच्यासारखाच ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन : आधी संग्रहालय, मग स्मारक आणि दुसऱ्या दिवशी उद्यान. संग्रहालय न पाहता स्मारकात गेलेल्या माणसाला लोखंडाचे स्तंभ दिसतील, पण ते कशाचे आहेत ते पुरते उमगणार नाही.

संग्रहालयाची जागा हीच त्याची पहिली नोंद आहे. ज्या ठिकाणी गुलामांकडून सक्तीने काम करून घेतले जात असे, त्या कापसाच्या वखारीच्या जागेवर ही इमारत उभी आहे. आत शिरताच समोर भिंतभर अटलांटिकच्या लाटा उसळताना दिसतात आणि त्यांचा आवाज अंगावर येतो. पुढे समुद्रतळातून वर पाहणारी मातीची शिरे मांडलेली आहेत. घानाचे शिल्पकार क्वामे अकोटो-बाम्फो यांनी ती घडवली आहेत, आणि वाटेतच मेलेल्या सुमारे वीस लाख माणसांची ती आठवण आहे. त्यानंतर अंधाऱ्या कोठड्या येतात. गजांपाशी जाऊन उभे राहिले की आत एक धूसर आकृती प्रकट होते आणि बोलू लागते. एका कोठडीत दोन लहान मुले आपल्या आईला शोधत असतात. माझी मुलगी तेथून लवकर हलली नाही, आणि मीही तिला हलवले नाही.

संग्रहालयात छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. प्रथम ते मला जाचक वाटले, परंतु तासाभरात त्याचे महत्त्व पटले, कारण मनाई असल्यामुळे आजूबाजूचा प्रत्येक माणूस खरोखर पाहत होता. विशेषतः मातीच्या बरण्यांसमोर. जेथे जेथे झुंडीने माणसे मारली गेली, त्या जागेची माती स्थानिक लोकांनी आपल्या हातांनी उकरून काचेच्या बरण्यांत भरली आहे आणि प्रत्येक बरणीवर मारल्या गेलेल्याचे नाव, गाव आणि तारीख लिहिली आहे. अशा शेकडो बरण्या फळ्यांवर छतापर्यंत लावलेल्या आहेत. काही माती गडद काळी, काही जॉर्जियाची ओळखीची लालभडक, काही वाळूसारखी फिकी. सासूबाई शेतकऱ्याच्या घरातल्या. त्या बराच वेळ रंगांकडेच पाहत होत्या आणि मग एवढेच म्हणाल्या, “ही लाल माती तर आपल्या अंगणातल्यासारखीच आहे.”

पोलीस व्यवस्थेचा प्रश्न समजून घ्यायला आलेल्या वाचकाने संग्रहालयाच्या दुसऱ्या अर्ध्या भागासाठी ताकद राखून ठेवावी. गुलामगिरीचा काळ, नंतरची दहशत, कायद्याने लादलेली काळ्या-गोऱ्यांची विभागणी आणि आजचे तुरुंग ही चार वेगवेगळी प्रकरणे नसून एकाच गोष्टीचे पुढचे पुढचे रूप आहे, असे संस्थेचे म्हणणे आहे, आणि ते ती केवळ विधान करून थांबत नाही, तर कागदपत्रांनिशी दाखवते. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली खरी, परंतु गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम घेण्याची वाट मोकळी ठेवली. दक्षिणेतील राज्यांनी ती वाट लगेच रुंद केली. बेकार फिरणे यांसारख्या क्षुल्लक कारणांवरून कृष्णवर्णीयांना अटक करायची आणि मग खाणींना, कारखान्यांना ते कैदी भाड्याने द्यायचे, हा सरकारी धंदाच झाला. अलाबामाने तो सर्वांत शेवटी, १९२८ मध्ये बंद केला. त्या व्यवहारात अटक करणारा हात शेरीफचा, म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखाचा, असे, ही गोष्ट एकदा ध्यानी आली की आजच्या वादात “काही थोडे पोलीस वाईट असतात” हे उत्तर अपुरे का पडते ते कळते. १९७० च्या दशकाच्या आरंभी देशातील तुरुंगांत सुमारे दोन लाख शिक्षाबंदी होते. पुढच्या चार दशकांत स्थानिक कोठड्या धरून बंदिवानांची संख्या वीस लाखांपलीकडे गेली. आकडे असे भिंतीवर वाचले की डोक्यात राहतात, पण मनात राहते ती त्यापुढची जागा. तेथे तुरुंगातील भेटीच्या खिडक्या तशाच्या तशा उभारल्या आहेत. स्टुलावर बसायचे, भिंतीवरचा फोन उचलायचा, आणि काचेपलीकडे एक माणूस तुमच्या डोळ्यांत पाहून आपली हकिगत सांगू लागतो. मुलीने फोन उचलला, दोन मिनिटे ऐकले आणि उत्तर देण्यासाठी तोंड उघडले. समोर चित्रफीत आहे हे तिला ठाऊक होते. तरीही तिने फोन हळूच, कोणाला वाईट वाटू नये अशा बेताने परत ठेवला.

स्मारक शहराकडे पाहणाऱ्या टेकडीवर, सहा एकरांत आहे. १८७७ ते १९५० या काळातील ४४०० हून अधिक बळींची नोंद संस्थेने केली आहे, आणि ज्या ज्या काउंटीत असा खून झाला तिचा एकेक, सहा फुटी, गंज चढलेल्या पोलादाचा स्तंभ तेथे आहे. असे स्तंभ ८०० हून अधिक आहेत. सुरुवातीला ते आपल्या डोळ्यांच्या उंचीला असतात, नावे समोरासमोर वाचता येतात. मग पायाखालची जमीन हळूहळू उतरत जाते, स्तंभ जागच्या जागी राहतात, आणि काही पावलांत ते आपल्या डोक्यावर लटकू लागतात. मान वर करून पाहिल्यावर आपण कोठे उभे आहोत हे जाणवते, कारण त्या झुंडीही अशाच खाली उभ्या राहून वर पाहत असत. स्मारकाच्या रचनेविषयी याहून अधिक काही सांगणे मला उचित वाटत नाही.

भिंतीवर छोट्या पट्ट्यांवर काही खुनांची कारणे एकेका ओळीत लिहिली आहेत. त्यांतली एक मी वहीत उतरवून घेतली. जेसी थॉर्नटन, लव्हर्न, अलाबामा, १९४० : गोऱ्या पोलिसाला नावापूर्वी ‘मिस्टर’ न लावता हाक मारली. ज्या मुलीला आम्ही मोठ्यांना ‘अहो’ म्हणावे म्हणून लहानपणापासून टोकत आलो, तिच्यासमोर ही ओळ वाचणे मला जड गेले. एका आदरार्थी शब्दाची चूक आणि तिची शिक्षा मृत्यू, आणि ज्याचा मान राखला गेला नाही तो गणवेशातला माणूस. पोलीस आणि नागरिक यांच्यातील नात्याविषयी मी वाचलेल्या अनेक अहवालांपेक्षा त्या एका पट्टीने मला अधिक शिकवले.

फोरसाइथ काउंटीचा स्तंभ शोधायला आम्हांला बराच वेळ लागला. त्यावर नाव आहे रॉब एडवर्ड्स यांचे आणि तारीख १० सप्टेंबर १९१२. एका गोऱ्या तरुणीवरील हल्ल्याच्या संशयावरून त्यांना पकडून कमिंग गावाच्या कोठडीत ठेवले होते. झुंड आली, तिने कोठडी फोडली, त्यांना बाहेर ओढून मारले आणि प्रेत चौकात टांगले. त्याच प्रकरणात दोन किशोरवयीन मुलांवर एकेका दिवसात खटले उरकले गेले आणि २५ ऑक्टोबरला हजारो लोकांसमोर त्यांना फाशी दिली गेली. मग रात्री घोड्यांवरून येणाऱ्या टोळ्यांनी काउंटीतील सुमारे अकराशे कृष्णवर्णीय रहिवाशांना घरांतून, शेतांतून, चर्चमधून हाकलून लावले, आणि पुढची पंचाहत्तर वर्षे ती काउंटी जवळजवळ केवळ गोऱ्यांची राहिली. १७ जानेवारी १९८७ रोजी नागरी हक्कांच्या एका छोट्या मोर्चावर तेथे दगडफेक झाली. आठवड्याभरात, २४ जानेवारीला, वीस हजारांवर लोक मोर्चाने आले, आणि त्या दिवशी राज्य पोलीस व नॅशनल गार्ड (राज्याचे राखीव सैन्य) यांनी मोर्चाच्या दोन्ही बाजूंना उभे राहून त्याचे रक्षण केले.

आज त्या काउंटीत भारतीय वंशाची हजारो कुटुंबे राहतात. चांगल्या शाळा, मोठी घरे, गणपतीचे पाच दिवस, सारे काही आहे. आम्हीही शाळांचे गुण पाहून अकरा वर्षांपूर्वी तेथे घर घेतले, आणि ज्या जमिनीवर ते उभे आहे तिच्याविषयी या अकरा वर्षांत मी कोणाला काही विचारले नव्हते. सासूबाईंनी स्तंभावरचे नाव वाचून घेतले आणि विचारले, “म्हणजे सरकारच्या कोठडीतून काढून नेलं? मग शिपाई काय करत होते?” पोलीस सुधारणांचा सारा विषय या प्रश्नात आहे, असे मला त्या क्षणी वाटले आणि अजूनही वाटते. कोठडीतल्या माणसाचा जीव सांभाळणे हे पोलिसांचे पहिले काम आहे. १९१२ मध्ये ते झाले नाही, १९८७ मध्ये त्याच रस्त्यांवर रक्षण झाले. याचा अर्थ व्यवस्था बदलू शकते, आणि ती बदलते ती वीस हजार माणसे येऊन उभी राहतात तेव्हा.

स्मारकातून बाहेर पडण्यापूर्वी हँक विलिस थॉमस यांचे शिल्प लागते. काँक्रीटच्या भिंतीतून कृष्णवर्णीय पुरुषांची डोकी, खांदे आणि वर केलेले हात तेवढे बाहेर आलेले आहेत, बाकी सारे शरीर भिंतीत. मूळ कल्पना दक्षिण आफ्रिकेतील खाण कामगारांच्या एका छायाचित्रावरून घेतलेली आहे, परंतु अमेरिकेत ते पाहणाऱ्याला पोलिसांसमोर हात वर करून उभी असलेली माणसेच दिसतात. येथे मला अलाबामातच, मॅडिसन शहरात, फेब्रुवारी २०१५ मध्ये घडलेली गोष्ट आठवली. गुजरातहून नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे एक आजोबा मुलाच्या घराजवळ सकाळी फिरत होते. एक सडपातळ काळा माणूस फिरतो आहे, असा कोणी पोलिसांना फोन केला. पोलिसांनी हटकले, आजोबांना इंग्रजी येत नव्हते, आणि एका अधिकाऱ्याने त्यांना जमिनीवर आपटले. मानेला जबर मार बसून त्यांना अंशतः पक्षाघात झाला. दोन वेळा ज्युरीचे एकमत झाले नाही आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्या अधिकाऱ्याला दोषमुक्त केले. “हा काळ्या-गोऱ्यांचा प्रश्न आहे, आपला काय संबंध” असे आपल्या मंडळींत ज्यांना वाटते, त्यांनी ही घटना विसरू नये. त्या सकाळी जो संशय त्यांच्या वाट्याला आला, तो काहींच्या वाट्याला दररोज येतो.

दुसऱ्या दिवशीच्या उद्यानाला नावेने जाता येते आणि तसेच जावे, कारण याच नदीतून गुलामांना शहरात आणले जात असे. शिल्पे पुष्कळ आहेत, सर्वांवर लिहिण्यात अर्थ नाही. शेवटचे स्मारक मात्र सांगायलाच हवे. ते ४३ फूट उंच आहे, उघड्या पुस्तकाच्या आकाराचे, आणि त्यावर १,२२,००० आडनावे कोरलेली आहेत. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांची नावे आडनावांसह १८७० च्या जनगणनेत प्रथमच सर्वत्र नोंदवली गेली, तीच ही आडनावे. लोक हात लावून आपले आडनाव शोधतात, सापडल्यावर काही जण रडतात. आडनाव ऐकून जात ताडणाऱ्या समाजातून आलेली मी, येथे आडनाव मिळणे हीच मुक्तीची खूण आहे हे पाहून बराच वेळ स्तब्ध राहिले. त्या जनगणनेनंतर तीनच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी पुण्यात ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. सासूबाई निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी हे नातीला तेथेच, त्या भिंतीसमोर सांगितले. आपला या विषयाशी असलेला संबंध इतका जुना आहे.

आता उणिवेविषयी. ही स्थळे “असे का झाले” हे अप्रतिम समजावतात, परंतु “मग पोलीस व्यवस्थेत नेमके काय बदलावे” याविषयी त्यांतला भाग त्या मानाने थोडका आहे. त्यामुळे पाहणारा माणूस हेलावून बाहेर पडतो आणि पुढचे पाऊल त्याला स्वतःच शोधावे लागते. माझ्या मते येथे जाण्यापूर्वी किंवा आल्यावर आपापल्या राज्यातील कायद्यांची माहिती अवश्य करून घ्यावी. आमच्या जॉर्जियाचेच पाहा. फेब्रुवारी २०२० मध्ये अहमॉड आर्बरी हा पंचवीस वर्षांचा तरुण ब्रन्सविकजवळ धावत असताना तीन गोऱ्या पुरुषांनी गाड्यांनी पाठलाग करून त्याला अडवले आणि त्यांतल्या एकाने त्याला गोळ्या घातल्या. कोणाही नागरिकाला संशयिताला पकडण्याची मुभा देणाऱ्या १८६३ च्या कायद्याचा आडोसा त्यांनी घेतला आणि दोन महिन्यांहून अधिक काळ कोणाला अटकही झाली नाही. लोकांनी रेटा लावला, तेव्हा अटक झाली, त्याच वर्षी राज्यात द्वेषमूलक गुन्ह्यांविरुद्ध कायदा झाला, आणि मे २०२१ मध्ये तो जुना कायदा रद्द झाला. नोव्हेंबरमध्ये तिघेही दोषी ठरले. याउलट २०२० मध्ये मिनियापोलिसच्या पोलिसाच्या हातून मारले गेलेले जॉर्ज फ्लॉइड यांच्या नावाचे पोलीस सुधारणा विधेयक कनिष्ठ सभागृहाने दोनदा संमत करूनही सिनेटमध्ये अडकले. देशात सुमारे अठरा हजार पोलीस यंत्रणा आहेत आणि बहुतेक सर्व स्थानिक आहेत, म्हणून वॉशिंग्टनकडे डोळे लावून बसण्यापेक्षा काउंटीच्या कार्यालयात काय चालते ते पाहणे अधिक उपयोगाचे आहे. जॉर्जियात शेरीफ निवडून यावा लागतो. ज्यांना नागरिकत्व मिळाले आहे त्यांनी त्या निवडणुकीत मतदान करावे. ज्यांना मिळालेले नाही त्यांनाही काउंटीच्या जाहीर सभेत उभे राहून शेरीफच्या खर्चाविषयी प्रश्न विचारता येतो. आपल्यातले किती जण तेथे जातात?

संस्थेला देणगी द्यावी का, असे विचाराल तर होय. अँथनी रे हिंटन यांनी न केलेल्या खुनांसाठी अलाबामात सुमारे तीस वर्षे फाशीच्या कोठडीत काढली. सरकारी तज्ज्ञांनी त्यांच्या आईच्या पिस्तुलाशी गोळ्या जुळतात असे सांगितले होते, तेवढ्यावर. याच संस्थेच्या वकिलांनी झगडून एप्रिल २०१५ मध्ये त्यांना सोडवले. संग्रहालय हे त्या कामाचे दर्शनी दालन आहे, मूळ काम न्यायालयात चालते.

थोडे व्यावहारिक. दहा-बारा वर्षांखालील मुलांना संग्रहालयाचा काही भाग झेपणार नाही, त्यांना उद्यानात न्यावे. मजकूर खूप आहे, एका दमात वाचू नये. संग्रहालयातील पॅनी-जॉर्जेस किचनमध्ये दक्षिणी घरगुती जेवण मिळते. शाकाहारी मंडळींनी भाज्यांत मांस घातले आहे का ते विचारून घ्यावे. स्मारकाचा बराच भाग उघड्यावर आहे, उन्हाळ्यात टोपी आणि पाणी हवेच. हाताशी अर्धा दिवस उरला तर पन्नास मैलांवरच्या सेल्माला जाऊन एडमंड पेटस पूल चालून यावा. ७ मार्च १९६५ रोजी मतदानाचा हक्क मागणाऱ्यांना राज्याच्या पोलिसांनी याच पुलाच्या पलीकडे झोडपून काढले होते.

परतल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही कमिंगला गेलो. गावाच्या मध्यवर्ती भागात रॉब एडवर्ड्स यांच्या नावाचा फलक आता उभा आहे. घरापासून दहा मिनिटांवर, आणि आमची गाडी त्यावरून कितीदा तरी गेली असेल. मुलीने तो दोन्ही बाजूंनी वाचला. ऑक्टोबरात आमच्या ओळखीची सहा कुटुंबे माँटगोमेरीला जाणार आहेत, आणि तिने सर्वांना कळवून टाकले आहे की गाड्या महामार्गाला लागण्याआधी येथे थांबतील.